कार्यशाळा कालांतराने बंद पडली

४ जून

धाकट्या,

‘मा. अभिलेख लिपिक, मोठी शाळा’ असा पत्ता घातलेलं तुझं जाडजूड पाकीट काल माझ्या टेबलावर येऊन पडलं. आत आपल्या पाच शाळांचा तू लिहिलेला इतिहास, त्रेसष्ट पानं, पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी. वर टाइप केलेली चिठ्ठी : ‘सोबतच्या मजकुरातील तारखा दप्तरातून पडताळून कळवाव्यात.’ खाली सही. बाबा गेले तेव्हा दोन ओळी पाठवल्या होत्यास, त्यानंतर चौदा वर्षांनी तुझं अक्षर दिसलं ते एवढंच. अभिलेख लिपिक ही तुझी सख्खी बहीण आहे हे तू विसरला असशील असं मला वाटत नाही. तुला तसं लिहायला बरं वाटलं असेल. असो.

आधी काम. तारखा पडताळल्या. नदीपलीकडच्या शाळेत पोहण्याचा तास सुरू झाला तो तू म्हणतोस त्याच्या दोन वर्षं आधी, आणि तो ‘संस्थापकांच्या दूरदृष्टीमुळे’ नव्हे. नाव उलटली, सात मुलं पाण्यात पडली, त्यातली पाच नावाड्याने एकट्याने काढली आणि दोन मिळाली नाहीत, म्हणून सुरू झाला. वाचनपेटी सायकलवरून शाळाशाळांत फिरायची हे बरोबर, पण पेटीत दोनशे पुस्तकं नव्हती. दोनशे पुस्तकं सायकलवर घालून टेकडीवरच्या शाळेपर्यंत तू एकदा नेऊन दाखव. छत्तीस होती. खाणीजवळच्या शाळेतल्या दुपारच्या जेवणाची तारीख बरोबर आहे. स्टेशनाजवळच्या शाळेच्या उद्घाटनाचीही बरोबर आहे. यादी सोबत जोडली आहे, पानांचे आकडे घालून. माझं काम संपलं.

आता पान एकेचाळीस.

‘मुलामुलींना एकत्र सुतारकाम शिकवणारा कार्यशाळेचा अभिनव उपक्रम कालांतराने बंद पडला.’

एक ओळ. पोहण्याच्या तासाला दीड पान आणि कार्यशाळेला एक ओळ, आणि तीही अशी. कालांतराने म्हणजे काय रे? वाळवी लागली? छप्पर गळायला लागलं? मुलांना कंटाळा आला? पस्तीस वर्षं पोटापाण्यासाठी कागद वाचत आले मी. ‘कालांतराने’ हा शब्द कोण वापरतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्याला तारीख माहीत असते आणि सांगायची नसते, तो वापरतो.

तारीख अकरा नोव्हेंबर. वेळ दुपारी सव्वातीन. आठवीतल्या एका मुलीची उजव्या हाताची मधली तीन बोटं गोल करवतीत गेली. नावाड्याची थोरली. दिवसभर तोंड चालू म्हणून सगळी शाळा तिला टकळी म्हणायची. त्या संध्याकाळी बाबांनी खोलीला कुलूप लावलं आणि ते पुन्हा उघडलं नाही. बाबा मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक, बाकीच्या शाळाही त्यांच्याच हाताखाली, त्यांनी लावलेलं कुलूप काढणार कोण? दोन महिन्यांत चौकशी झाली आणि रंधा मास्तरांना बडतर्फ केलं. माणूस सकाळी आठला खोली उघडायचा, मुलींना रंधा धरायला शिकवायचा, त्याला गावातून हाकलल्यासारखं जावं लागलं.

हे मी तुला काय सांगते? तू त्या खोलीत होतास.

सहा महिन्यांनी परीक्षा झाली आणि तू घर सोडलंस. फाटकापाशी मला काय म्हणालास ते मी पाठ करून ठेवलंय. ‘ताई, तू खोटारडी आहेस. मी या घरात जेवणार नाही.’ एकतीस वर्षं ते ऐकत आले, कारण मला वाटायचं, चला, एकाला तरी खरं ठाऊक आहे आणि तो ते विसरणार नाही. तू शहरात इतिहासाचा प्राध्यापक झालास तेव्हा मी मनात म्हटलं, होणारच.

आणि हा तुझा इतिहास. ओळ दुरुस्त करून पाठव. नाहीतर पडताळणीच्या दाखल्यावर मी सही करणार नाही.

ताई


१६ जून

धाकट्या,

पत्र मिळालं. या वेळी निदान ‘प्रिय ताई’ लिहिलंस. पण पुढचं वाचून वाटलं, ‘मा. लिपिक’ बरं होतं.

तू म्हणतोस, ती ओळ तू माझ्यासाठी तशी लिहिलीस. पंचाहत्तरीच्या समारंभातच माझ्या निवृत्तीचा सत्कार आहे, मानपत्र आहे, अशा वेळी जुनं उकरून मला लोकांसमोर उभं करणं तुला प्रशस्त वाटलं नाही. ‘त्या काळात तुझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता हे मला आता समजतं.’ आता समजतं. जरा उशीर झाला, नाही का? मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हा समजलं असतं तर मी तुझे पाय धरले असते. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी तुझी समजूत घेऊन मी काय करू?

तुला वाटतं मी विसरलेय की माझं नाव त्यात येतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. पाहू, लिहिलं की कोणाला त्रास होतो.

त्या वर्षी जूनमध्ये गोल करवतीच्या पात्यावरचं लोखंडी झाकण तुटलं. मास्तरांनी तीन पत्रं दिली. जूनमध्ये एक, ऑगस्टमध्ये एक, ऑक्टोबरात एक. पहिल्यात झाकण मागवावं अशी विनंती. दुसऱ्यात आठवण. तिसऱ्यात, झाकण येईपर्यंत यंत्र बंद ठेवण्याची परवानगी. तिन्ही पत्रं माझ्या हातात आली. तिन्हींवर मी शिक्का मारला, आवक नोंदवहीत चढवली आणि बाबांच्या टेबलावर ठेवली. बाबांनी तिन्ही खणात टाकली. तिसऱ्या वेळी मास्तर समोर उभे होते. बाबा म्हणाले, ‘डिसेंबरात स्टेशनाजवळची शाळा सुरू करायची आहे. चाळीस बाकं लागतात. यंत्र बंद ठेवलं तर मुलं बसतील कुठे, तुमच्या मांडीवर?’ मास्तर म्हणाले, ‘मग मी एकटाच चालवीन. मुलांना जवळ येऊ देणार नाही.’ आणि त्यांनी तसंच केलं. एका दिवसापर्यंत.

त्या दिवशी ते खोलीत का नव्हते? कारण बाबांनी त्यांना बोलावून घेतलं. बाकं किती झाली ते विचारायला. निरोप मीच सांगितला होता. दारात उभं राहून मी म्हटलं, ‘मास्तर, सरांनी बोलावलंय, लगेच या.’ भुश्याने माखलेले हात झटकत ते निघाले. जाताना तुझ्याकडे वळून म्हणाले, ‘तू मोठा आहेस, बघ जरा यांच्याकडे.’

पुढे चौकशी आली. दोन दिवस आधी बाबांनी मला घरी बसवलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी, आई बाहेर गेली असताना. म्हणाले, ‘ही पत्रं आलीच नाहीत.’ मी म्हटलं, ‘बाबा, नोंद आहे.’ ते म्हणाले, ‘पान बदल.’

शिलाई सोडून मी पानं बदलली. एक बदललं तर जोडपान सुटतं, म्हणून जोडीजोडीने. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, सगळं पुन्हा लिहिलं, वेगवेगळ्या दिवशीचं वाटावं म्हणून दोन दौती वापरल्या. जुनी पानं आणि ती तीन पत्रं बाबांनी चुलीत घातली. मग माझा जबाब झाला. बाबांनी सांगितलं होतं तेवढं लिहायचं होतं, की त्या वेळी मास्तर जागेवर नव्हते. मी लिहिलं, ‘मास्तर वारंवार जागेवर नसत.’

वारंवार. हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. एकदा जागेवर नसण्याने माणूस बडतर्फ होत नाही, ताकीद मिळते, हे मला माहीत होतं. मी कामात हुशार होते.

हे तुला माहीत नव्हतं. आता झालं. आता सांग, मला कशापासून वाचवतोयस?

ताई


१८ जून

धाकट्या,

परवाचं पत्र पेटीत टाकून आले आणि दोन दिवस डोकं फिरलेलं आहे, म्हणून तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते.

तू म्हणतोस, माझ्यासाठी ओळ तशी लिहिलीस. मी तुझं वाक्य तीनदा वाचलं. त्यात एक माणूस गाळलेला आहे.

करवतीची कळ कोणी दाबली?

जबाब लिहिताना मी फक्त बाबांना वाचवत होते असं तुला इतकी वर्षं वाटत आलंय, किंवा वाटून घेणं तुला सोयीचं होतं. अपघातानंतर तू ऑफिसात आलास तेव्हा तुझ्या शर्टावर रक्त होतं आणि तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास, ‘ताई, मी कळ दाबली, ताई, मी कळ दाबली.’ मी तुला पाणी दिलं. शर्ट बदलायला लावला. चौकशीत ‘यंत्र चालू ठेवूनच मास्तर बाहेर गेले’ असं बाबांनी सांगितलं आणि मी मान हलवली. मास्तर यंत्र बंद करून, पट्टा उतरवून गेले होते. पट्टा कोणी चढवला, कळ कोणी दाबली, हे चौकशीत कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरज पडणार नाही अशी व्यवस्था मी केली होती.

तुला बोलायचं होतं, हे मला मान्य आहे. तू म्हणाला होतास, ‘मी सांगतो.’ मी म्हटलं, ‘सांगितलंस तर तुझं नाव कायमचं लागेल, गप्प बस.’ तू सतरा वर्षांचा होतास, गप्प बसलास. त्याबद्दल तुला मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही.

पण त्यानंतर तू अठरा वर्षांचा झालास. पंचवीस झालास. चाळीस झालास. तीन पुस्तकं लिहिलीस. लोकांनी दडवलेलं शोधून काढतोस म्हणून तुझा फोटो छापून येतो, तोही मी कापून ठेवलाय. एक पोस्टकार्ड चौकशी समितीला टाकायला काय हरकत होती? मला खोटारडी म्हणून गेलास, ते बरं होतं तुला. सगळं माझ्या अंगावर टाकून हात झाडून मोकळा.

‘कालांतराने’ हा तुझा ‘वारंवार’ आहे. आपण दोघं एकाच घरात वाढलो, दुसरं काय.

ताई


७ जुलै

धाकट्या,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी थांबले नाही.

टकळीचा पत्ता काढला. सोपं होतं. नदीपलीकडे तिची धाकटी बहीण राहते, तिने सांगितलं. दोन तास बसने जावं लागतं, बाजाराच्या गावी. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर तिचं पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. अरुंद, लांबट खोली. दोन्ही भिंतींना फळ्या, त्यांवर उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ती दारातल्या उजेडात बसून तार गुंडाळत होती. डाव्या हाताने. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी आहे, त्यांत तिने वस्तू चिमट्यासारखी धरली होती.

मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, ‘ऑफिसातल्या ताई ना तुम्ही? केस पांढरे झाले, चालणं तेच आहे.’

मी बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, काय बोलायचं ते. आधी क्षमा मागायची, मग कारण सांगायचं. तोंडातून निघालं ते भलतंच. मी विचारलं, ‘त्या दिवशी काय झालं होतं?’

तिने हातातलं काम थांबवलं. मग म्हणाली, ‘पहिल्या आहात तुम्ही.’

‘कशात?’

‘विचारण्यात. साडेतीन महिने दवाखान्यात होते. चौकशी झाली, निकाल लागला, मास्तर गेले, खोली बंद झाली. मला कुणी विचारलं नाही, की पोरी, झालं काय. माझी बोटं होती ना ती? मग मला विचारायचं नव्हतं?’

मी जबाबांची फाईल डोळ्यांसमोर आणली. नऊ जबाब आहेत. शिपायाचासुद्धा आहे. तिचा नाही. एकतीस वर्षं ती फाईल माझ्या कपाटात आहे, दरवर्षी मी तिच्यावरची धूळ पुसते, आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. बाबांचा राग केला, तुझा केला, अधूनमधून स्वतःचाही. पण ती पोरगी माझ्या हिशेबात नव्हतीच. ती म्हणजे तीन बोटं.

मग तिने सांगितलं. जसं म्हणाली तसं लिहिते, कारण तुझ्यासाठी आहे.

‘फळी माझी होती. घरच्या नावेत बसायला पाट करत होते मी. मास्तर म्हणाले, दोन मिनिटांत येतो, मग कापून देतो. मला कुठला धीर. तुमच्या भावाला म्हटलं, पट्टा चढव, कळ दाब. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, मग सगळ्यांना सांगते, मोठा झाला तरी यंत्राला भितो. पोरी हसल्या. त्याने दाबली. आता तो मोठा होता, त्याने नाहीच म्हणायला हवं होतं, हे मी त्याला तोंडावर सांगेन. पण त्याला जर वाटत असेल की त्याने एकट्यानेच केलं, तर तसं नाही. मी दाबायला लावली. मी तेरा वर्षांची होते, पण मी होते तिथे.’

मी म्हटलं, ‘तुला आमचा राग येत असेल.’

‘बोटांचा नाही येत,’ ती म्हणाली. ‘बोटं गेली ती गेली. मी परत शाळेत आले तेव्हा एकही पोरगी माझ्याशी बोलेना. खोलीला कुलूप. अठरा पोरी होतो आम्ही त्या तासाला. माझ्यामुळे सगळ्यांचा तास गेला. मुलांना दुसऱ्या वर्षी शेतीचा तास मिळाला, पोरींना परत शिवणकाम. मला बघितलं की तोंड फिरवायच्या. महिनाभर आले, मग नाही आले. तो राग येतो. एक झाकण लावलं असतं आणि खोली उघडी ठेवली असती, तर मी सात बोटांनी रंधा मारला असता.’

धाकट्या, तिचं नाव मीच पटावरून कमी केलं होतं. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘घरगुती’.

मास्तर त्या बाजाराच्या गावातच आले होते. फर्निचरच्या कारखान्यात कामाला लागले. दवाखान्यात दर रविवारी यायचे, तिला डाव्या हाताने पेन्सिल धरायला लावायचे, मग पटाशी. पंपाच्या दुकानात त्यांनीच चिकटवून दिलं. म्हणाले, लाकूड तुला आता जड जाईल, तार हलकी असते. नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी तिथेच असते.

मी विचारलं, ते माझ्याबद्दल काही बोलायचे का.

‘तुमच्याबद्दल नाही. एका शब्दाबद्दल बोलायचे. म्हणायचे, मी एकदा गेलो, तोही बोलावलं म्हणून गेलो. हे वारंवार कुठून आलं?’

मी म्हटलं, ‘तो शब्द माझा.’

तिने तार पुन्हा हातात घेतली. चार-पाच वेढे झाल्यावर म्हणाली, ‘चहा घ्यायचा असेल तर आत बसा, नसेल तर निघा. पण दारात उभ्या राहू नका, उजेड अडतो.’

मी आत बसले.

तिला मी विचारलं, तुझा जबाब लिहून घेऊ का. म्हणाली, घ्या. दोन तास ती सांगत होती आणि मी लिहीत होते, मधे गिऱ्हाइकं येत होती. एकही शब्द माझा घातला नाही. शेवटी तिने वाचून पाहिला, दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं आणि डाव्या हाताने सही केली.

तुझी ओळ अजून तशीच आहे. मी जबाबाची नक्कल पाठवते आहे. आता तुझ्याकडे साधन नाही असं म्हणता येणार नाही.

ताई


३० जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आणि नवीन पान एकेचाळीस, दोन्ही मिळालं. पान चांगलं आहे. पत्राबद्दल नंतर बोलू. तू ‘मला तिचं म्हणणं वाचवेना’ असं लिहिलंस. मलाही ते ऐकवत नव्हतं, तरी ऐकलं. तूही पूर्ण वाच.

काल ग्रंथसमितीची बैठक झाली. मुख्याध्यापिकांच्या खोलीत, बाबांच्याच टेबलाभोवती. नवीन मुख्याध्यापिका तरुण आहेत, बाहेरून आलेल्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. अध्यक्ष म्हणजे तेच, धान्याचे व्यापारी, ज्यांच्या आजोबांची दूरदृष्टी तू पोहण्याच्या तासाला चिकटवली होतीस. त्यांनी तुझं पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

‘ताई, आनंदाचा प्रसंग आहे,’ म्हणाले.

‘कोणाच्या?’ मी विचारलं.

‘सगळ्यांच्या. तुमच्या वडिलांचा फोटो पहिल्या पानावर घेतोय आपण. आणि आत हे?’

मी म्हटलं, आत हे.

मग त्यांनी नोंदवही मागवली. मीच आणून दिली. त्या वर्षाची, हिरव्या कापडाची. पानं उलटून त्यांनी जून ते ऑक्टोबर पाहिलं. एक खाडाखोड नाही. ‘यात कुठे पत्रांची नोंद नाही.’

‘नाहीच. पानं मी बदलली. पुरावा मी आहे.’

‘ताई, तुम्हीच म्हणता तेव्हा खोटं लिहिलं. मग आता खरं लिहिताय हे कशावरून?’

राग आला, पण माणूस चुकीचं बोलला नव्हता. इतकं चोख काम केलं होतं मी, की मलाच ते मोडता येईना. मी टकळीचा जबाब पुढे केला. त्यांनी तो हातात न घेता म्हटलं, ‘त्या बाईंबद्दल सहानुभूती आहे. पण ग्रंथात वाद नको.’

ठराव झाला : कार्यशाळेचा उल्लेख संपूर्ण वगळावा. म्हणजे आता ती कालांतराने बंदसुद्धा पडली नाही. ती नव्हतीच. अठरा मुली, बावीस मुलं, चाळीस बाकं आणि रंधा मास्तर, यातलं काही झालंच नाही.

बैठक संपल्यावर मुख्याध्यापिका मागे थांबल्या. म्हणाल्या, ‘ग्रंथ समितीचा आहे. दप्तर माझं आहे. तो जबाब मला द्या.’ मी दिला. त्यासोबत माझा, चार पानी, आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला. त्यांनी दोन्ही उभ्याने वाचले. माझ्याकडे वर पाहिलं नाही, बरं केलं. त्या जुन्या फाईलमध्ये, नवव्या जबाबानंतर, दहावा आणि अकरावा त्यांनी स्वतः लावला. मास्तरांच्या सेवापुस्तकातला शेरा बदलावा म्हणून वरच्या कार्यालयाला पत्रही त्यांच्याच सहीने गेलं. काय उत्तर येईल देव जाणे. माझ्यावर कारवाई करायची तर अजून एक महिना मी नोकरीत आहे, तसंही लिहिलंय.

आता तुझं. ग्रंथावर लेखक म्हणून तुझं नाव आहे. मी तुला काय कर हे सांगणार नाही. एकदा सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते दोघांना माहीत आहे.

ताई


१४ सप्टेंबर

धाकट्या,

समारंभ झाला. मी गेले नाही. मानपत्र शिपायाच्या हाती घरी पाठवलं होतं, ते मी परत पाठवलं. त्यात ‘निष्कलंक सेवा’ लिहिलं होतं.

ग्रंथही आला. तुझा सगळा मजकूर तू काढून घेतलास, त्यामुळे नुसते फोटो आणि शुभेच्छा उरल्यात. अध्यक्ष गावभर सांगत फिरतायत की प्राध्यापकांनी ऐन वेळी तोंडघशी पाडलं. मला आनंद झाला म्हणून सांगू का? थोडा झाला. पण फार पाठ थोपटून घेऊ नकोस. नाव काढून घेणं म्हणजे पुन्हा एकदा निघून जाणंच आहे, आणि ते तुला चांगलं जमतं.

वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. मास्तरांच्या प्रकरणाची पुन्हा तपासणी होईल, संबंधितांचे जबाब नव्याने घेतले जातील. मास्तरांच्या मुलीला ते पत्र मी स्वतः नेऊन दिलं. तिने मला आत बोलावलं नाही. दारातच पत्र वाचलं, म्हणाली, ‘ते असताना आलं असतं तर,’ आणि दार लावून घेतलं. तिचा तो अधिकार आहे. मी पायरीवर जरा बसले आणि निघाले.

तिथून टकळीकडे गेले. आता आठवड्यातून एकदा जाते. चिठ्ठ्या लिहून देते तिच्या मोटारींच्या, माझं अक्षर गिऱ्हाइकांना वाचता येतं. ती माझ्याशी गोड बोलते अशातला भाग नाही. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘या कोण?’ तर म्हणाली, ‘यांनी माझं नाव शाळेतून काढलं.’ आणि पुढच्या पंपाकडे वळली.

तू लिहिलंस, यावंसं वाटतं, पण मी काय म्हणेन याची भीती वाटते. मी काय म्हणेन ते या पत्रांतून म्हणून झालंय. माझा राग गेलेला नाही, तुझ्यावरचाही नाही, आणि तो जाईपर्यंत थांबलास तर आपल्यापैकी एक जण शिल्लक राहणार नाही. तेव्हा ये. शहरातून सकाळची गाडी धर, स्टेशनावर उतर, बाजाराच्या गावाची बस समोरच लागते. मी दुकानातच असेन. तिने सांगितलंय की ती तुला एकच गोष्ट विचारणार आहे आणि ती काय ते मला सांगत नाही.

जबाब तिघांचे लागतात. दोन झाले आहेत. तिसऱ्यासाठी कागद आखून ठेवलाय, वर तुझं नाव आणि अकरा नोव्हेंबर एवढंच लिहिलंय. बाकी मी लिहिणार नाही.

ताई